जांघेतल्या हर्नियाला दुर्बिणीनं जाळी घालायची असेल तर कुठली घ्यायची, कसं बघायचं

आमचं बेळगावचं वडगाव म्हणजे मागवाल्यांची वस्ती, इथं कापडाचं कुणी कुणाला शिकवत नाही. चौथी-पाचवीतलं पोरगंसुद्धा सूत बोटात धरून जाड का बारीक ते सांगतं. त्यामुळं दोन वर्षामागं डॉक्टरांनी टेबलावर जाळीचे तीन तुकडे ठेवून "ह्यातली कुठली घालायची ते ठरवा" म्हटल्यावर मी पहिलं काय केलो तर एकेक तुकडा बोटात चोळून बघितलो आणि मग खिडकीकडं उजेडाला धरलो. डॉक्टर हसले. मग म्हणाले, "काका, तुम्ही बघालाय तेच बघायचं असतंय ओ, बाकीचे लोक नुसता रेट विचारतात."

झालं होतं असं की बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, उचलून मागावर चढवताना उजव्या जांघेत काहीतरी सटकल्यासारखं झालं, संध्याकाळी बघतो तर लिंबाएवढी गाठ, आडवं पडलं की आत जातीय आणि उभं राहिलं की परत बाहेर. आई म्हणाली आंत उतरली. ते बरोबरच होतं, हर्निया म्हणजे तेच, पोटाच्या भिंतीतल्या भोकातनं आतडं बाहेर येतं, आणि ते भोक झाकायला जाळी लावतात. डॉक्टरांनी दुर्बिणीनं करू म्हणून सांगितले, आणि जाळी साधी, मधली आणि इम्पोर्टेड अशी तीन भावात. खडे बाजारात साडी दाखवतात तसं. आता साडी आवडली नाही तर बहिणीला देता येते, ही पोटात जाऊन बसणार आणि मरेपर्यंत तिथंच राहणार, मग मी दोन सर्जनना भेटलो, मिळेल ते वाचलो, ऑपरेशन थिएटरमधल्या ओळखीच्या टेक्निशियनचं डोकं खाल्लो. त्यातनं जे कळलं ते सांगालोय. मी डॉक्टर नव्हे, माग चालवणारा माणूस आहे, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच. पण त्यांच्यापुढं बसल्यावर काय विचारायचं ते तरी आधी माहीत पाहिजे की नको?

आधी एक गोष्ट. गाठ कडक झाली, आत जाईना, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या तर जाळीबिळीचा विचार बाजूला ठेवा आणि रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मोठा दवाखाना गाठा. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा बंद पडलेला असू शकतो, तिथं तासातासाचा हिशोब असतो. लहान पोरांच्या हर्नियाला जाळी घालतच नाहीत, त्यांची नुसती पिशवी बांधतात, त्यामुळं नातवासाठी वाचत असाल तर हे सगळं सोडून द्या. आणि पुरुषमाणसाला गाठ आहे पण कसलाच त्रास नाही, तर डॉक्टरांच्या नजरेखाली थांबून बघणंसुद्धा चालतं. बाईमाणसाचं मात्र वेगळं. त्यांच्यात मांडीच्या मुळाशी असणारा फेमोरल हर्निया जास्त सापडतो, तो अडकायची भीती जास्त, म्हणून त्यांनी थांबू नये, आणि दुर्बिणीनं केलेलं बरं कारण हर्निया उतरायची सगळी भोकं आतनं एकदम दिसतात आणि एकाच जाळीखाली झाकतात.

जाळी बसते कुठं ते आधी समजून घ्या

हे नाही समजलं तर पुढचं काहीच समजणार नाही. वरनं चिरून करायच्या ऑपरेशनात जाळी स्नायूंच्या थरात बाहेरच्या बाजूनं शिवतात. दुर्बिणीत ती आतनं लावतात, पोटाची भिंत आणि आतड्याभोवतीचा पातळ पडदा यांच्या मधल्या फटीत. ट्यूबलेस टायरला आतल्या बाजूनं पॅच मारतात बघा, तसं. हवेचाच दाब पॅचला टायरवर दाबून धरतो. पोटात पण खोकला आला, जोर केला की तो दाब जाळीला भिंतीवरच चिकटवतो.

ह्याच्या दोन रीती. टीईपी, डॉक्टर लोक त्याला टेप म्हणतात, त्यात पोटाच्या पोकळीत न शिरता पडद्याच्या बाहेरनंच फट फुगवून जागा करतात. दुसरी टीएपीपी म्हणजे टॅप, त्यात पोटात शिरून पडदा कापतात, जाळी लावतात आणि पडदा परत शिवून टाकतात. दोन्हीत साधारण तीन बारकी भोकं, आणि बहुतेक ठिकाणी पूर्ण भूल. दोन्हीपैकी कुठली ते सर्जनवर सोडा, ज्याचा हात ज्यात बसलाय ते त्यानं करावं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की दोन्ही रीतीत जाळी आणि आतडं यांच्या मधे तो पडदा असतो, म्हणजे आतडं जाळीला शिवत नाही. हे डोक्यात ठेवा, बिलाच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

आता सूत

सगळ्यात जास्त वापरतात ती जाळी पॉलिप्रोपिलीनची. नाव मोठं आहे पण माल ओळखीचा, साखर कारखान्यातनं साखर येते ते पांढरं प्लॅस्टिकचं पोतं ह्याचंच असतंय. तो धागा शरीरात विरघळत नाही, ओला होत नाही, शरीर त्याला बऱ्यापैकी सोसून घेतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत फ्रान्सिस अशर नावाच्या सर्जननी प्लॅस्टिकची जाळी हर्नियाला वापरायला सुरुवात केली, आधी पॉलिइथिलीन आणि मग पॉलिप्रोपिलीन, तेव्हापासनं चालूच आहे. म्हणजे साठ वर्षं माणसांच्या अंगात राहून तपासलेला माल आहे हा. दुकानात स्वस्तातला माल बघितला की आपल्याला वाटतं हलका असणार. इथं तसं नाही, साधी पॉलिप्रोपिलीन जाळी हीच मूळ मापपट्टी आहे, बाकी सगळ्या नव्या जाळ्या तिच्याशी ताडून बघतात.

दुसरी पॉलिस्टरची. हे तर आमच्या घरचंच सूत. मऊ असते, आतल्या वळणावाकणावर चांगली बसते, दुर्बिणीतनं पसरायला सोपी जाते म्हणून काही सर्जनना आवडते. पण तिचा धागा पुष्कळदा बारीक तंतू एकत्र करून केलेला असतो, म्हणजे मल्टिफिलामेंट, आणि इथं माझ्यातला मागवाला जागा झाला. पिळाच्या सुतात धूळ कशी अडकते ते आम्ही रोज बघतो. तिथं धुळीच्या जागी जंतू. जंतू असतो साधारण एक मायक्रॉनचा, त्याला मारणारी शरीरातली पेशी दहा मायक्रॉनहून मोठी, मग दोन तंतूंच्या फटीत जंतू घुसतो आणि पेशीला आत जाता येत नाही. पोलिसाची जीप ज्या बोळात शिरत नाही तिथं चोर जाऊन बसल्यासारखं. एकसंध तंतूच्या, मोनोफिलामेंट जाळीत ही अडचण कमी, जंतुसंसर्ग झाला तरी बऱ्याच वेळा औषधानं आणि साफ करून जाळी वाचवता येते. अर्थात दुर्बिणीच्या ऑपरेशनात जाळी पिकायचं प्रमाण मुळातच कमी असतं, पण डायबेटिसवाल्यांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पॉलिस्टरमध्येही मोनोफिलामेंट मिळते, विचारून घ्या.

तिसरी पीव्हीडीएफची. गळ टाकून मासे धरायची जी महागडी फ्लोरोकार्बन दोरी मिळते ती ह्याच मालाची. वर्षानुवर्षं कडक होत नाही, कमी झिजते असं सांगतात आणि त्यात तथ्य आहे, पण जांघेच्या हर्नियात ती साध्या जाळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलेली नाही आणि पैसे जास्त पडतात.

चौथी ईपीटीएफई, म्हणजे नळाला गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप असते ना, त्याच जातीचा माल. भोकं इतकी बारीक की आपलं मांस त्यात शिरतच नाही, आणि एकदा पिकली की काढूनच टाकावी लागते. जांघेसाठी ह्याच्या वाटेला जाऊ नका, कुणी देणारही नाही. टायटॅनियमचा मुलामा दिलेली पॉलिप्रोपिलीन पण येते, नाव ऐकून भारी वाटतं, पण आतला माल हलकी पॉलिप्रोपिलीनच.

मग डुकराच्या किंवा गुराच्या कातडीपासनं केलेल्या जैविक जाळ्या, आणि हळूहळू पूर्ण विरघळणाऱ्या जाळ्या. ह्या भयंकर महाग, आणि पोटात घाण झालीय अशा वेगळ्याच प्रसंगासाठी. साध्या जांघेच्या हर्नियाला ह्यांची गरज नाही. कुणाला धर्माची अडचण असेल तर जैविक जाळी कुठल्या जनावराची ते आधी विचारावं, एवढं मात्र सांगतो.

वजन आणि भोक

कापडात आम्ही जीएसएम बघतो, एक चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. जाळीचं पण तसंच मोजतात हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. जड जाळी म्हणजे साधारण ८० ते १००, हलकी म्हणजे ५० च्या खाली, बऱ्याचशा ३५-४० च्या आसपास. हातात येण्यासाठी सांगतो, झेरॉक्सचा कागद ७०-७५ चा असतो आणि पेपरचा कागद ४५ च्या आसपास. म्हणजे जड जाळी झेरॉक्सच्या कागदापेक्षा थोडी भारी आणि हलकी म्हणजे सकाळच्या तरुण भारतच्या पानापेक्षा थोडी हलकी. आता दुर्बिणीत जाळी घालतात १० बाय १५ सेंमीची. हिशोब केलात तर ८० ची जाळी भरते सव्वा ग्रॅमला आणि ४० ची भरते सहा दशांश ग्रॅमला. सगळं भांडण चाललंय ते सोनाराच्या पाच गुंजांचं.

पण वजनापेक्षा भोकाचा आकार जास्त महत्त्वाचा आहे आणि हे लोक विचारतच नाहीत. जाळीच्या प्रत्येक धाग्याभोवती शरीर व्रणाचं एक वेष्टण तयार करतं. भोकं बारीक असली, म्हणजे एक मिलीमीटरच्या आत, तर शेजारशेजारच्या धाग्यांची वेष्टणं एकमेकाला चिकटतात आणि सगळ्या जाळीचा मिळून एक जाड पत्रा तयार होतो, तो आक्रसतो, माणसाला आत काहीतरी टोचतंय आवळतंय असं वाटत राहतं. भोकं मोठी असली की दोन धाग्यांच्या मधे आपलं मऊ मांस शिल्लक राहतं आणि जाळी अंगाबरोबर वाकते. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात पोअर साइज लिहिलेलं असतं ते बघा, एक मिलीमीटरच्या वर असेल तर चांगलं. सीलबंद पाकीट उघडून बघायला मागू नका हं, ते निर्जंतुक असतं, सॅम्पलचा तुकडा वेगळा असतो. आणि ती मागावर उभा-आडवा धागा घालून विणलेली नसते, मच्छरदाणीसारखी फासात फास अडकवून गुंफलेली (निटिंग केलेली) असते, म्हणून कात्रीनं कापली तरी कडेचे धागे सुटत नाहीत. मला कडा बघून हाच पहिला प्रश्न पडला होता.

आता इथं मी स्वतः चुकलो होतो ते सांगतो. हे सगळं वाचून मी ठरवलो की हलकी जाळीच घ्यायची, अंगात जेवढं कमी तेवढं बरं. डॉक्टरांना तसं म्हटलो तर ते म्हणाले, "तुमचा हर्निया डायरेक्ट आहे आणि भोक मोठं आहे, तुम्हाला हलकी देणार नाही." मला वाटलं भाव वाढवायला लागलेत. तसं नव्हतं. हर्निया दोन तऱ्हेचा, एक तिरपा, जो वृषणाची शीर जाते त्या वाटेनं खाली उतरतो, तो इनडायरेक्ट. दुसरा सरळ, भिंतच झिजून विरलेली असते तिथनं समोर फुगतो, तो डायरेक्ट. मोठ्या डायरेक्ट भोकावर फार मऊ जाळी ठेवली की पोटाच्या दाबानं तीच भोकातनं बाहेर फुगते, जुन्या लुंगीचं ठिगळ फुगतं तशी. नेदरलँड्समध्ये ९५० पुरुषांना टेप पद्धतीनं निम्म्यांना हलकी, निम्म्यांना जड जाळी घालून पाच वर्षं बघितले. हलकीत हर्निया परत आला १०० मागं ३.८ जणांना, जडीत १.१ ला, आणि जास्त करून डायरेक्टवाल्यांनाच. दुखण्याच्या बाबतीतही हलकीचा काही फायदा दिसला नाही. ती हलकी जाळी अर्धी विरघळणारी होती, पॉलिप्रोपिलीनच्या जोडीला तीन-चार महिन्यात विरघळणारा धागा. अशा जाळ्या आपल्याकडं "सॉफ्ट, पार्शली अ‍ॅब्सॉर्बेबल" म्हणून जादा पैशाला विकतात.

वरनं चिरून करायच्या ऑपरेशनात हलक्या जाळीनं सुरुवातीला थोडं कमी दुखतं असं दिसलंय, म्हणून तिचं नाव झालं, आणि तेच नाव दुर्बिणीला चिकटवून विकतात. दुर्बिणीत जाळी नसांपासनं वेगळ्या जागी बसते त्यामुळं तो हिशोब तसाच्या तसा लागू होत नाही. माझं मत विचाराल तर दुर्बिणीच्या जांघेच्या हर्नियाला मोठ्या भोकाची, मोनोफिलामेंट, अंगानं थोडी ठाम अशी साधी पॉलिप्रोपिलीन जाळी, बस्स. बारका इनडायरेक्ट असेल आणि सर्जनना हलकीच हाताला बरी वाटत असेल तर तीही चालेल.

माप

माप मात्र सोडू नका. कमीत कमी १० बाय १५, ह्याच्या खाली नको. जाळी भोकाच्या चारी बाजूनं पुरेशी पुढं जायला पाहिजे, डायरेक्ट, इनडायरेक्ट, फेमोरल सगळ्या वाटा एकदम झाकल्या पाहिजेत, आणि नंतर ती थोडी आक्रसते त्याचाही हिशोब धरायचा. धिप्पाड गडी असेल तर मोठी लागते. दोन्ही बाजूला हर्निया असेल तर दोन जाळ्या. भारी कंपनीची लहान जाळी घेण्यापेक्षा साध्या कंपनीची पूर्ण मापाची घ्या, हे मी शिवणकाम करणाऱ्या बायकोला सांगितलो तर ती म्हणाली हे कळायला दवाखान्यात कशाला जायला पाहिजे.

आकार दिलेल्या, वाटीसारख्या वळणाच्या जाळ्या पण मिळतात, उजवी वेगळी, डावी वेगळी. सर्जनची सोय होते, कमी फिक्स करावी लागते. पेशंटच्या दृष्टीनं फार मोठा फरक नाही.

बिलात कुठं बघायचं

मी पहिल्या ज्या दवाखान्यात गेलो, नाव सांगत नाही, त्यांच्या एस्टिमेटमध्ये "ड्युअल मेश" लिहिलेलं होतं. ही दोन बाजूंची जाळी असते, एका बाजूला आतडं चिकटू नये म्हणून लेप दिलेला. जिथं जाळी थेट पोटाच्या पोकळीत आतड्याला लागून ठेवतात, बेंबीचा किंवा जुन्या टाक्याचा हर्निया वगैरे, तिथं ती लागते. पण वर सांगितलो की टेप आणि टॅपमध्ये मधे पडदा असतो. मग लेपाची जाळी कशाला? मी विचारलो. काउंटरवरचा मुलगा आत जाऊन आला आणि म्हणाला, टायपिंग मिस्टेक झाली काका. असेल बा. किंमत मात्र टायपिंग मिस्टेकची नव्हती. तुमच्या एस्टिमेटमध्ये ड्युअल, कोटेड, कॉम्पोझिट असं काही दिसलं आणि ऑपरेशन टेप किंवा टॅप असेल तर एक प्रश्न नक्की विचारा, ह्याची गरज का? काही खास कारण असलं तर सर्जन नीट सांगतील.

दुसरी जागा म्हणजे टॅकर. जाळीला भिंतीवर ठोकायची बंदूक, धातूच्या किंवा विरघळणाऱ्या स्क्रूंची. हीसुद्धा महाग, बऱ्याच वेळा साध्या जाळीपेक्षा महाग. आणि प्रत्येकाला लागत नाही. टेपमध्ये बहुतेकांना जाळी न ठोकता नुसती पसरून ठेवली तरी जागेवर राहते, कारण तो टायरचा पॅच. डायरेक्ट भोक तीन सेंमीहून मोठं असेल तर ठोकतात, माझ्या वेळी तीन विरघळणारे ठोकले. चुकीच्या जागी स्क्रू बसला तर नस पकडली जाते आणि वर्षानुवर्षं दुखतं, खालच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिथं ठोकायचंच नसतं. म्हणून "टॅकर किती आणि का" एवढं विचारायला लाजू नका. गोंदानं चिकटवतात तोही पर्याय आहे, आणि बारीक काट्यांची स्वतःच पकडणारी जाळी पण येते, म्हणजे टॅकरचा खर्च जाळीत जातो, शेवटी एकूण बेरीज बघा.

मच्छरदाणीची गोष्ट

हे ऐकून माझे डोळेच उघडले म्हणून सांगतो. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर, त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला वापरलं. चेष्टा नव्हे, बाजारातल्या जाळीच्या मानानं खर्च नगण्य, धागा पॉलिइथिलीन-पॉलिप्रोपिलीन मिश्र, आणि २००३ च्या सुमारास त्यांनी सर्जन लोकांच्या जर्नलमध्ये त्याचे निकाल छापले. मग जगभर गरीब देशात डॉक्टर तेच करायला लागले. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये युगांडातल्या ३०२ पेशंटचा अभ्यास आला, निम्म्यांना स्वस्तातली मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, निम्म्यांना कंपनीची, एक वर्षानंतर हर्निया परत येण्यात फरक नाही. हे सगळं वरनं चिरून केलेल्या ऑपरेशनांचं आहे, दुर्बिणीचं नव्हे, आणि तुम्ही खडे बाजारातनं मीटरभर मच्छरदाणी घेऊन दवाखान्यात जावं म्हणूनही सांगत नाही. सांगायचं ते एवढंच की धागा आणि वीण बरोबर असेल तर पाकिटावरच्या नावाला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. भारतात तयार झालेल्या जाळ्यासुद्धा आता भरपूर मिळतात आणि चांगल्या असतात.

नेटवर अमेरिकेतल्या जाळीच्या कोर्टकेसेस बघून घाबरणारे पण आहेत. त्यातल्या बऱ्याच केसेस पोटाच्या मोठ्या हर्नियाच्या लेपाच्या जाळ्यांच्या किंवा बायकांच्या अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशनातल्या जाळीच्या आहेत, ती जागाच वेगळी. जाळी नकोच असं कुणाचं ठाम मत असेल तर बिनाजाळीची ऑपरेशनं पण आहेत, कॅनडातली शोल्डाइस पद्धत, आणि पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डांची, ज्यात आपल्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरून भिंत बळकट करतात. ती मात्र वरनं चिरून करायची, दुर्बिणीनं नव्हे, आणि ती येणारा माणूस शोधायला लागतो.

जाळीपेक्षा हात

हे खरं तर पहिल्यांदा लिहायला पाहिजे होतं. दुर्बिणीचं जांघेचं ऑपरेशन शिकायला अवघड, हात बसायलाच ५० ते १०० ऑपरेशनं लागतात. साधी जाळी चांगल्या हातात चालते, भारी जाळी नवख्या हातात घडी पडून गोळा होते आणि हर्निया परत. म्हणून सरळ विचारा, "डॉक्टर, तुम्ही टेप करता का टॅप, वर्षाला साधारण किती, आणि आत अडचण आली तर उघडून करायची तयारी असते का?" चांगला सर्जन रागवत नाही. ज्या सर्जनला रोज ज्या जाळीची सवय आहे ती बदलून घ्यायला लावू नका, माप आणि भोक बरोबर असेल तर त्याच्या सवयीची जाळीच तुमची. आणि भाषेची अडचण असेल तर संमतीपत्र कानडीत असो नाहीतर इंग्रजीत, सही करायच्या आधी कुणाकडनं तरी मराठीत वाचून घ्या, आमच्याकडं प्रत्येक दवाखान्यात एखादी मराठी बोलणारी सिस्टर असतेच.

पैशाचं. आपल्याकडं आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे, त्यात खासगी दवाखान्यात जायचं तर बहुतेक वेळा सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, बेळगावात ते बिम्स ह्या सरकारी दवाखान्यातनं. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर यशस्विनी योजना बघा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली, त्यावरनं दोन्हीकडं किती आरडाओरडा झाला ते आठवत असेल, तुमचं गाव त्यात आहे का आणि कुठला दवाखाना जोडलाय ते आधी चौकशी करा. कुठल्याही योजनेत दोन गोष्टी दाखल व्हायच्या आधी विचारायच्या, दुर्बिणीचं बसतंय का नुसतं उघडून करायचं, आणि जाळी पॅकेजमध्येच आहे का वरनं पैसे. मेडिक्लेम असेल तर जाळीचं बिल वेगळं आणि पाकिटावरचा स्टिकर मागतात, नाहीतर क्लेम अडकतो.

तो स्टिकर तुम्हीसुद्धा ठेवा. जाळीच्या पाकिटात चिकटवायचे दोन-चार स्टिकर असतात, त्यावर कंपनी, माल, माप, बॅच नंबर, एक्सपायरी सगळं असतं. एक केसपेपरवर लागतो, एक डिस्चार्ज कार्डावर लावून मागून घ्या. २०१६ मध्ये पोटाच्या हर्नियाची एक जाळी कंपनीनं जगभरातनं मागं घेतली, अशा वेळी आपल्या अंगात कुठली आहे ते माहीत नसेल तर काय करणार? एक्सपायरी आणि एमआरपी पण तिथंच दिसते, बिलाशी ताडून बघा.

घरी आल्यावरचं थोडं. त्याच दिवशी चालायला लावतात, चालायचं. डायरेक्ट हर्निया असेल तर आठ-दहा दिवसात त्याच जागी परत फुगवटा येऊ शकतो, मी तर रात्री बायकोला उठवून "परत आला बघ" म्हणालो. हर्निया नव्हता, पोकळीत पाणी साठतं, त्याला सेरोमा म्हणतात, काही आठवड्यात आपोआप जिरतं, सुई घालून काढायला लावू नका. खोकला आणि बद्धकोष्ठ मात्र सांभाळा, तंबाखू-बिडी ऑपरेशनच्या आधीपासनंच सोडा. हलकी कामं आठवडाभरात झेपतात, जड उचलायचं कधी ते सर्जनना विचारून. बीम उचलायचं म्हटल्यावर माझे डॉक्टर म्हणाले, उचला, पण ह्यापुढं दोघांनी मिळून. महिन्या-दोन महिन्यांनी कधी त्या जागी लाली आली, ताप आला, पाणी-पू वाहायला लागला, किंवा तीन महिने झाले तरी जांघेत करंट मारल्यासारखं दुखतंय, तर गोळ्या खात घरी बसू नका, स्टिकर लावलेलं ते डिस्चार्ज कार्ड घेऊन ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडंच जा.